मुद्रित-दुरुस्ती

मौलमीनच्या छापखान्यात अकरा वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुका शोधत बसले आहे.
ऊ फोन म्यात यांचा ग्रंथ आला तेव्हा वीज गेलेली होती
आणि थानल्विन नदीकडून येणाऱ्या वाऱ्याला
ओल्या दोरखंडांचा वास होता.

चारशे बारा पानं. विषय : क्षण.
एक कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो,
मध्ये फट असते की नसते,
असलीच तर ती पाहणारा उभा कुठे राहतो.
पाली उताऱ्यांना तळटीपा,
तळटीपांच्या पोटात आणखी तळटीपा.
मला निम्मं कळलं नाही.
स्वल्पविराम मात्र सगळे जागच्या जागी.

वर्षावास लागला तसे ते डोंगरावरच्या ध्यानकेंद्रात गेले,
साठ दिवसांसाठी.
"शेवटच्या प्रकरणाला पुरावा हवाय त्यांना,"
त्यांची बायको दॉ न्युंट यी म्हणाली
आणि डब्यात औषधं भरू लागली.

पुढचं त्यांनीच सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी,
मुरवलेल्या चहापानांची बशी मध्ये ठेवून.

रोज दुपारी सयाडो विचारायचे, "काय दिसलं?"
पहिल्या दिवशी हे अनित्यतेवर पाऊण तास बोलले.
सयाडो पान चघळत राहिले.
"हे तू वाचलंस. गुडघ्याचं सांग."
गुडघ्याचं काही ठाऊक नव्हतं.
गुडघा सकाळपासून बोंबलत होता
आणि हे त्याची व्याख्या करत होते.

मग रात्री ते उद्याचं उत्तर घोटून ठेवू लागले.
"कालचा भात आज वाढतोस?" सयाडो म्हणायचे,
रागावून नाही,
भात शिळा आहे एवढंच सांगावं तसं.

तेविसाव्या दिवशी मुंगी आली.
लाल, बारकी, हनुवटीवरून वर निघालेली.
ते मनात म्हणाले, 'स्पर्श',
तोवर ती गालावर.
'स्पर्शाचं ज्ञान',
ती नाकपुडीच्या कडेला थांबली, वळली.
'इच्छा, हात उचलण्याची',
पण हात मांडीवरच होता,
आणि मुंगी डोळ्याच्या दिशेने निघून गेलेली.
दर वेळी शब्द धापा टाकत पोहोचायचा
आणि जागा रिकामी असायची.

"मग मी शब्द पाठवायचे थांबलो," ते म्हणाले.
"म्हणजे थांबवले नाहीत. थांबले."
हे वाक्य त्यांनी तीनदा फिरवून पाहिलं
आणि तसंच सोडून दिलं.

किती वेळ होतात तसे, मी विचारलं.
ते इतके हसले की चहा सांडला.
"मा थ्वे, चारशे बारा पानं दुसरं काय विचारतोय मी?"

दुसऱ्या दुपारी सयाडोंना सांगितलं, "मुंगी होती."
"मग?"
"गेली."
सयाडोंनी मान हलवली
आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मला वाटलं होतं, आता ग्रंथ परत मागतील,
नदीत टाकतील, माणसं टाकतात म्हणे.
ते संध्याकाळपर्यंत मुद्रितं वाचत बसले,
पोथी वाचावी तसे, ओठ हलवत.
"छापा," म्हणाले. "याच्यामुळेच तर त्या दारापर्यंत गेलो.
याला आत जाता येत नाही, हा काय त्याचा गुन्हा?"
फक्त एक शब्द काढायला सांगितला,
जिथे जिथे असेल तिथून : 'अर्थातच'.

एकोणऐंशी ठिकाणी होता.
ते गेल्यावर मी एकेक खोडत बसले,
उकाडा एवढा की शाई सुकत नव्हती.
बासष्टाव्याला घामाचा थेंब मानेवरून निघाला,
मणक्याच्या पहिल्या गाठीशी अडला,
मग एकदम

लेखणी कागदावर तशीच टेकलेली राहिली
आणि तिथे मोठा डाग पडला.

तेवढ्यात वीज आली, पंखा फिरला,
पान दोनशे सत्त्याण्णव उडून कपाटाखाली गेलं.
मी गुडघ्यांवर बसून हात घातला.
गार फरशी. धूळ. कुणाची तरी हरवलेली गुंडी.
पान अजून आत होतं.